फुटलेला ग्लास

बँकेतल्या माणसाला मुदतीची सवय असते. ठेवीला मुदत, कर्जाला मुदत, हप्त्याला मुदत. समोरच्या माणसाच्या आयुष्याची मुदत ठरवण्याचा अधिकार मात्र बँकेनं आम्हाला कधी दिला नव्हता. तो मी एकदा वापरला, त्याची ही गोष्ट.

साल १९९७. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. दुसऱ्याचा ट्रक बारा वर्षं चालवलेला एक ड्रायव्हर स्वतःच्या टेम्पोसाठी कर्ज मागायला आला. कागदपत्रं चोख होती, जामीनदार तयार होते. मंजुरीवर सही व्हायची तेवढी बाकी. त्याच दुपारी एक जामीनदार केबिनमध्ये आला आणि दार लोटून हळूच म्हणाला, ‘‘साहेब, माझं नाव काढा. त्याला एड्स आहे म्हणतात.’’

मी ड्रायव्हरला बोलावलं. त्यानं काही लपवलं नाही. खिशातून तपासणीचा कागद काढून टेबलावर ठेवला. रक्तात एचआयव्ही होता, आजार दिसत नव्हता. कर्जाची मुदत पाच वर्षांची होती. मी अर्जावर ‘परतफेडीबाबत साशंकता’ असा शेरा मारला. तो मुकाट्यानं पाणी प्यायला आणि गेला. शिपायानं तो काचेचा ग्लास कागदात धरून उचलला आणि मागच्या दाराबाहेर फेकला. फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मान वर केली नाही.

त्या शेऱ्यात माझं चुकलं का? त्या वेळचा हिशेब मांडून पाहा. आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र देण्याच्या उपचाराची जगाला ओळख झाली होती. हा विषाणू शरीराच्या संरक्षक पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या नकला काढून घेतो. एकच औषध दिलं तर तो रूप पालटून निसटतो. तीन औषधांनी त्याच्या वाटा एकदम अडवल्या की त्याला निसटणं फार अवघड जातं. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर! टेम्पोच्या कर्जापेक्षा एका वर्षाचं औषध महाग होतं.

ही किंमत कोसळली ती मुंबईच्या एका कंपनीमुळे. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सिप्ला’च्या डॉ. युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं गरीब देशांत काम करणाऱ्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं ठरावीक सरकारी रुग्णालयांत हे उपचार मोफत सुरू केले आणि पुढं ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. आज बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. ती थांबवली, तर पेशींत दडून बसलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून ती जन्मभर घ्यायची, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीसारखी.

२०११ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक अभ्यास झाला. जोडप्यातल्या एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. आपल्या पुण्यातली जोडपीही त्यात होती. लागण झालेल्याला लवकर औषध सुरू केलं, तर जोडीदाराला त्याच्यापासून होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते, असं दिसून आलं. पुढच्या अभ्यासांतून ठरलं, की नियमित औषधानं रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो पसरतच नाही. जे औषध रुग्णाला जगवतं, तेच त्याच्या घरालाही राखतं.

आणि ताजी बातमी प्रतिबंधाची. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुण मुली-स्त्रियांना ‘लेनाकापाविर’ नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा देण्यात आलं. त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तेव्हा तिथली किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक होती. सप्टेंबरात हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून १२० देशांसाठी ते वर्षाला सुमारे ४० डॉलरना देण्याचं जाहीर केलं. लस अजून सापडलेली नाही, पण जवळजवळ लसीसारखं काम करणारं काहीतरी हाती आलं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात एक पिकल्या केसांचा गृहस्थ माझ्या पाया पडायला वाकला. तोच ड्रायव्हर! वधू त्याची मुलगी. शेजारी उभ्या त्याच्या बायकोला लागण नाही. औषध सुरू झालं तेव्हा त्याचं वजन अडतीस किलो होतं म्हणे. टेम्पो त्यानं पतपेढीच्या कर्जातून घेतला होता, दामदुप्पट व्याजानं. ते सगळं फेडलं. मी चाचरत काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाला, ‘‘साहेब, तुमचं काय चुकलं नव्हतं. मी जगंन असं मला तरी कुठं वाटलं हुतं?’’

शेऱ्यापुरतं ते खरं असेल. औषध येणार, स्वस्त होणार, हे १९९७ साली मला कळणं शक्य नव्हतं. पण पाण्याच्या ग्लासातून हा विषाणू पसरत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. शाखेच्या भिंतीवर तसं भित्तिपत्रक लावलेलं होतं. ते लावायला मीच सांगितलं होतं.

एचआयव्ही असलेल्या माणसाशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी घातली आहे. आपल्या देशात सुमारे २५ लाख माणसं हा विषाणू घेऊन जगताहेत. सरकारी केंद्रात तपासणी फुकट आहे, गोळी फुकट आहे. तरीही माणूस तपासणीच्या दारातून परत फिरतो. त्याला सुईची भीती नसते. आपण पाणी प्यायल्यावर मागं काही फुटल्याचा आवाज येईल, याची असते.

त्या लग्नात त्यानं स्वतःच्या हातानं मला पाण्याचा ग्लास दिला. मी तो प्यायलो. पण त्याच्याकडं बघून पिणं काही मला जमलं नाही.