प्लास्टिकवर रंग का टिकत नाही?

रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीला बाहेरून नवा रंग दिला, की बहुधा थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे निघतात. दोष रंगाचाच असतो का?

रंग चिकटण्यासाठी आधी तो पृष्ठभागावर नीट पसरावा लागतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. त्याच मापात पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा ३० च्या आसपास, तर पॉलिकार्बोनेटची ४० हून थोडी अधिक भरते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनवर (खूण : त्रिकोणात ५) पाण्याचे थेंब गोळा होतात आणि रंगाची पकडही दुबळी राहते.

हौशी मंडळींच्या मोटारींचे पारदर्शक कवच पॉलिकार्बोनेटचे असते. ते आतून रंगवतात. ओरखडे मग प्लास्टिक झेलते. बाहेरूनच रंगवायचे असेल तर हाताचा तेलकटपणा साबणाने धुवावा, बारीक पॉलिश पेपरने घासावे, पुन्हा धुऊन वाळवावे. घासल्याने रंगाला धरायला जागा वाढते. थिनर मात्र जपून वापरावा. काही द्रावकांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. भर दुपारी फवारलेले थेंब हवेतच वाळतात आणि थर भुकटीसारखा बसतो. तेव्हा सकाळी, सावलीत, मोकळ्या हवेत, नाकावर मास्क लावून पातळ थर द्यावेत.

वर्गात आपण एक प्रयोग करू. प्लास्टिकचे दोन तुकडे घेऊ : एक नुसता पुसलेला, दुसरा धुऊन घासलेला. दोन्ही रंगवून पूर्ण वाळू देऊ. ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा पाडून त्यावर चिकटपट्टी दाबू आणि झटक्यात ओढू. किती चौकोन निघाले, ते विद्यार्थ्यांनीच मोजावे.