संगणकाची वही

एका संगणकावर पुष्कळ माणसे काम करतात. मग तो कुणाला कसे ओळखतो? तलाठ्याजवळ दप्तर असते ना? तशी संगणकातही एक वही असते.

युनिक्स ही संगणक चालवण्याची एक पद्धत. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेत तिचे काम सुरू केले. तिच्यात माणसांची वही असते.

या वहीत एका माणसाची एक ओळ. ओळीत सात रकाने. दोन रकान्यांच्या मध्ये दोन टिंबे, अशी : . पहिल्या रकान्यात नाव. दुसरा परवलीच्या शब्दाचा. पण ही वही सर्वांना वाचता येते! म्हणून आता तिथे बहुधा नुसती फुली असते. खरी नोंद वेगळ्या, बंद वहीत ठेवतात. पुढे माणसाचा क्रमांक, गटाचा क्रमांक, पूर्ण नाव, सामानाची जागा, आणि हुकूम ऐकणारा कारभारी.

शून्याला किंमत नाही, असे आपण म्हणतो. इथे मात्र शून्य क्रमांक म्हणजे मालक. संगणक नाव पाहत नाही, क्रमांक पाहतो. कुणाच्याही तिसऱ्या रकान्यात नुसते शून्य पडले, की साऱ्या किल्ल्या त्याच्या हाती!

पण वही साध्या अक्षरांत आहे. ज्याला वाचता येते, त्याला ही चूक दिसते. म्हणून मंडळी, ओळ न्‌ ओळ वाचावी.