तिशीनंतर सुरू होणारी कारकीर्द

मे महिन्याच्या अखेरीस, आपल्याकडे आयपीएल रंगात आलेली असताना, एका रविवारी रात्री दहाच्या सुमारास अमेरिकेत ‘इंडियानापोलिस ५००’ सुरू होते. उघड्या चाकांच्या, एका आसनाच्या ३३ गाड्या, २०० फेऱ्या, ५०० मैल; म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. १९११ पासूनची ही शर्यत. आपल्याकडे मात्र फॉर्म्युला वनपलीकडे कुणी फारसं बघत नाही आणि त्यात आपल्याच मुलांचं नुकसान आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी वेगाचा अंदाज घेऊ. इथली एक फेरी अडीच मैलांची, चार किलोमीटरची. कापूरबावडीहून कोलशेत खाडीच्या दिशेने निघालात तर जवळपास तेवढंच अंतर. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्याला किती वेळ लागतो हे ठाणेकरांना सांगायला नको. पात्रता फेरीत ही गाडी ते अंतर चाळिसेक सेकंदांत कापते, ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. शिवाय पात्रता एका फेरीवर ठरत नाही, सलग चार फेऱ्यांच्या सरासरीवर ठरते. सोळा वळणं, सगळी डावीकडे. एका वळणावर पाय किंचित उचलला गेला तरी तो सरासरीत दिसतो. टायर झिजत जातात तसा गाडीचा तोल बदलतो आणि चालक आत बसल्या बसल्या छोट्या दांड्या सरकवून तो सावरत असतो. शर्यतीत मागची-बाजूची गाडी कुठे आहे हे त्याला उंचावर उभा असलेला ‘स्पॉटर’ कानात सांगतो. हे कसब मुरायला वर्षं लागतात. म्हणूनच एलिओ कॅस्ट्रोनेव्हेसने इथला चौथा विजय २०२१ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी मिळवला.

ताकुमा सातोची गोष्ट तर आपल्याकडच्या प्रत्येक कार्टिंग ट्रॅकवर सांगायला हवी. हा जपानी मुलगा आधी सायकलपटू. रेसिंग स्कूलमध्ये गेला तो विशीच्या उंबरठ्यावर. फॉर्म्युला वनमध्ये सात मोसम काढले, पहिल्या तिघांत आला तो एकदाच: २००४ मध्ये, तोही इंडियानापोलिसलाच. पुढे त्याचा संघ बंद पडला. २०१० मध्ये, ३३व्या वर्षी, तो इंडीकारमध्ये, म्हणजे ‘इंडियानापोलिस ५००’ जिचा भाग आहे त्या मालिकेत, आला. २०१२ च्या ५०० मध्ये शेवटच्या फेरीत आघाडीसाठी आत घुसला आणि भिंतीवर आदळला. २०१७ मध्ये मात्र जिंकला, ही शर्यत जिंकणारा पहिला आशियाई म्हणून. २०२० मध्ये पुन्हा.

असं इथे घडू शकतं याचं कारण गाड्यांत आहे. सगळ्यांची चॅसिस डलाराची, इंजिन होंडाचं नाही तर शेवरोलेचं. त्यामुळे मधल्या फळीतला संघही एखादा रविवार आपला करू शकतो. खालच्या पायऱ्यांवर, यूएसएफ २००० सारख्या मालिकांत, विजेत्याला पुढच्या पायरीसाठी शिष्यवृत्ती मिळते. बापाच्या खिशावर चालणाऱ्या या खेळात ही फार मोठी गोष्ट आहे.

मुंबईचा धागाही या गोष्टीत आहे. महिंद्रा रेसिंगला विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मधला पहिला विजय २०१७ मध्ये बर्लिनला मिळवून दिला तो स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्टने. तोच २०१९ मध्ये इंडीकारमध्ये गेला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. मुंबईच्या संघातून तिकडे वाट गेली, पण ती धरली परदेशी चालकाने. आपल्यापैकी चेन्नईचा अरमान इब्राहिम २०१२ मध्ये एक पायरी खाली, इंडी लाइट्समध्ये काही शर्यती धावला. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकून आला, पण वरचं दार उघडलं नाही. २०२४ चा मोसम तो फॉर्म्युला ई मध्ये मासेरातीकडून धावला.

जेहानचा जन्म १९९८ चा. सातोने इंडीकारची पहिली शर्यत जिंकली तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.