नगरची मळी, कोन्याकची ब्रँडी आणि इटलीचे आंबट द्राक्ष

इटलीतील द्राक्षवाणांची गणती करू गेल्यास ती शेकड्यांत जाते. त्यांपैकी बहुतेकांची नावेही आपल्या कानी पडलेली नसतात. मात्र त्रेब्बियानो नावाच्या एका पांढऱ्या वाणाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो, आणि थोड्या आडवाटेने का होईना, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यालाही स्पर्श करतो. या द्राक्षाची कीर्ती फारशी नाही. वाइनचे जाणकार त्याचा उल्लेख करतात तो बहुधा नाक मुरडूनच. असे असूनही फ्रान्समध्ये सर्वाधिक क्षेत्रावर लावलेले पांढरे द्राक्ष हेच आहे! तेथे त्याला ‘उन्यी ब्लाँ’ म्हणतात.

मुळात त्रेब्बियानो हे एकाच वाणाचे नाव नव्हे. बोलोन्याचा कृषिलेखक पिएत्रो दे क्रेशेन्झी याने चौदाव्या शतकाच्या आरंभीच या नावाची नोंद केलेली आढळते. पुढे प्रांतोप्रांतीच्या पांढऱ्या द्राक्षांना हेच नाव चिकटत गेले. तोस्कानाचा त्रेब्बियानो, रोमान्याचा, आब्रुत्झोचा, स्पोलेतोचा, अशी ही नामावळी आहे. अलीकडच्या जनुकीय तपासण्यांनी यांतील अनेकांचे परस्परांशी जवळचे नाते नसल्याचे दाखविले आहे. ‘त्रेब्बियानो दी सोआवे’ तर वेर्दिक्यो या वेगळ्याच वाणाचे दुसरे नाव निघाले. आपल्याकडे गावोगावच्या आंब्यांना सरसकट ‘रायवळ’ म्हणावे, तसाच काहीसा हा प्रकार. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो तोस्कानाचा त्रेब्बियानो.

ही वेल उशिरा फुटते, उशिरा पिकते आणि भरघोस घड देते. रसात साखर बेताची आणि आम्लता चांगलीच असते. सुगंध मात्र जेमतेम. त्यामुळे नुसत्या त्रेब्बियानोची वाइन फिकट, हलकी, तहान भागवणारी अशी होते. लक्षात राहावी अशी ती क्वचितच असते. इटलीने याचा उपयोग भर घालण्यासाठी केला. कियांती ही तोस्कानाची प्रसिद्ध तांबडी वाइन. १९६७ च्या नियमांनुसार तिच्यात १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे, म्हणजे त्रेब्बियानो आणि माल्वाझिया, घालणे बंधनकारक होते. गवती वेष्टनातील पोटफुग्या बाटल्यांतून जगभर गेलेली कियांती पातळ आणि स्वस्त असल्याचा जो समज रुजला, त्याला हा नियमही कारणीभूत होता. शहाणपण यायला वेळ लागला. २००६ च्या हंगामापासून ‘कियांती क्लासिको’त पांढऱ्या द्राक्षांना मज्जावच करण्यात आला.

तथापि, याच द्राक्षाचे दोन उपयोग असे आहेत की त्यांना कोणी नावे ठेवणार नाही. पहिला ‘विन सांतो’. यासाठी घड माळ्यावर टांगून किंवा चटयांवर पसरून महिनोन् महिने सुकवतात, मग त्यांचा दाट रस लहान लाकडी पिंपांत बंद करून वर्षानुवर्षे मुरू देतात. दुसरा उपयोग मोदेना येथील पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगरचा. तेथे त्रेब्बियानोसह स्थानिक द्राक्षांचा रस उघड्या कढईत मंद आचेवर आटवतात. गुऱ्हाळावर उसाच्या रसाची काकवी होताना ज्याने पाहिली आहे, त्याला ही क्रिया समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे हा आटवलेला रस आंबवून लहान-लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या माळेत किमान १२ वर्षे ठेवला जातो.

पण त्रेब्बियानोचे खरे भाग्य उजळले ते परमुलखात. फ्रान्सच्या पश्चिमेकडील कोन्याक परिसरात पूर्वी ‘फॉल ब्लाँश’ हे द्राक्ष प्रमुख होते. १८७० च्या दशकात फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने तेथील बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तो अमेरिकी खुंटावर कलम करण्याचा. परंतु कलमी फॉल ब्लाँशचे दाटीवाटीचे घड कुजू लागले. तिची जागा उन्यी ब्लाँने घेतली. आज कोन्याकच्या द्राक्षक्षेत्रापैकी सुमारे ९८ टक्के क्षेत्र या एका वाणाखाली आहे.

जे द्राक्ष पेल्यात बेचव ठरते, ते ब्रँडीला उत्तम का, हा प्रश्न साहजिक आहे. ब्रँडी म्हणजे वाइनचे ऊर्ध्वपातन करून मिळवलेला अर्क. ऊर्ध्वपातनात वाइनमधील चांगल्याबरोबर वाईटही एकवटते. एरवी वाइन टिकावी म्हणून तिच्यात गंधकाचा वायू मिसळतात. ब्रँडीच्या वाइनमध्ये तो चालत नाही, कारण भट्टीतून त्याचा दर्प अर्कात उतरतो. मग हिवाळाभर वाइन टिकवायची कशी? तिच्या अंगच्या आम्लतेने. उन्यी ब्लाँ येथे कामी येते. दुसरा गुण कमी साखरेचा. साखर कमी म्हणून वाइनमध्ये अल्कोहोल कमी, सुमारे ९ टक्के. तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन होऊन ते ७० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजेच एक लिटर अर्कासाठी नऊ-दहा लिटर वाइन आटवावी लागते. जितकी वाइन अधिक आटवावी, तितका द्राक्षातील अल्पस्वल्प गंधही अर्कात दाट होतो. शिवाय त्या अर्काला ओक लाकडाच्या पिंपात निदान दोन वर्षे राहायचे असते. द्राक्षाचा स्वतःचा हट्टी सुगंध नसल्याने लाकडाचा रंग-गंध त्यावर नीट चढतो.

आता नगरकडे वळू. हा जिल्हा साखरेचा. १९५० साली लोणी येथे सुरू झालेला प्रवरेचा सहकारी कारखाना सर्वांना माहीत असतो. मात्र त्याच्या आधीपासून येथे खासगी कारखानदारी होती. श्रीरामपूरजवळ टिळकनगर येथे १९३३ मध्ये महादेव डहाणूकर यांनी ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ची स्थापना केली. साखरेपाठोपाठ मळी येते आणि मळीपाठोपाठ मद्यार्क. आजची टिळकनगर इंडस्ट्रीज ही त्याच कंपनीची पुढची पिढी असून तिची ‘मॅन्शन हाउस’ ही देशात सर्वाधिक खपणाऱ्या ब्रँडींत गणली जाते. तिचे ग्राहक मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत असल्यामुळे कित्येक नगरकरांना आपल्या जिल्ह्याची ही ख्याती ठाऊकही नसते.

भारतात ‘ब्रँडी’ या शब्दाचा अर्थ मात्र कोन्याकपेक्षा बराच सैल आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांनुसार केवळ द्राक्षरसापासून केलेली ती ‘ग्रेप ब्रँडी’. ‘ब्लेंडेड ब्रँडी’त मात्र शुद्ध द्राक्ष-ब्रँडीचे प्रमाण किमान २ टक्के असले तरी पुरे, उरलेला मद्यार्क मळीचा किंवा धान्याचा असू शकतो. आपल्या बाजारात वर्चस्व आहे ते या दुसऱ्या प्रकाराचे. याचे कारण उघड आहे. मळी हे साखरेचे उपउत्पादन, आयते मिळणारे. द्राक्षाला मात्र मांडव, छाटणी, फवारणी असा वर्षभराचा खर्च. त्यात दहा लिटरचा एक लिटर करायचा! ज्या राज्यात द्राक्ष आणि ऊस शेजारी-शेजारी पिकतात, तेथे ब्रँडी उसाकडे झुकावी, हे व्यवहाराला धरूनच झाले.

महाराष्ट्राला उन्यी ब्लाँ अपरिचित नाही. पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव सोडून आळेफाट्यापुढे गेले की बोटा, घारगाव, संगमनेर असा नगर जिल्हा लागतो. त्या नारायणगावी शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन काढली. कंपनीने लावलेल्या युरोपीय वाणांत शार्दोने, पिनो न्वारबरोबर उन्यी ब्लाँही होते. त्यामागचे तर्कशास्त्र कोन्याकचेच. फेसाळत्या वाइनलाही आंबट, हलका पाया लागतो. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी असे तिचे चक्र चालते. ऐन पिकण्याच्या वेळी ऊन वाढू लागते, साखर झपाट्याने चढते आणि उष्णतेने मॅलिक आम्ल जळून जाते. अशा हवेत आम्लता सहजी न सोडणारे द्राक्ष मोलाचे ठरते. ‘कमी साखर’ हा गुण येथे तितकासा टिकत नाही, हेही खरे. त्यासाठी तोडणी लवकर करावी लागते.

इतर इटालियन वाणांनीही येथे पाय रोवले आहेत. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या रेव्हिलोने सिसिलीच्या ग्रिलो या पांढऱ्या द्राक्षाची वाइन बाजारात आणली. अकलूजच्या फ्रातेल्लीने तोस्कानाच्या पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली सांजोव्हेझे हे कियांतीचे तांबडे द्राक्ष रुजविले. त्रेब्बियानोला मात्र स्वतःच्या नावाची बाटली येथे लाभली नाही. ग्राहक शार्दोने, सोव्हिन्यॉ ब्लाँ ही नावे ओळखतो. उन्यी ब्लाँ पाहून कोण हात पुढे करणार?

शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रश्न नावाचा नसून खात्रीचा आहे. थॉम्पसनची बाग असली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, तर माल निदान बेदाण्याला जातो. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, आंबट. त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर उत्साहाने लावलेल्या कित्येक बागा २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांनी माल न उचलल्याने उपटाव्या लागल्या. खुद्द इंडाजही २०१० च्या सुमारास कर्जाखाली कोसळली. तेव्हा नगरच्या एखाद्या बागायतदाराला त्रेब्बियानो लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याने आधी खरेदीचा लेखी करार मागावा. भरघोस उत्पन्न देणारे हे वाण ब्रँडीसाठी शोभेल. पण २ टक्क्यांच्या नियमात त्याची गरज कितीशी लागणार?

याच जिल्ह्यात या चर्चेची दुसरी बाजूही आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला. द्राक्षउत्पादकांचे हित हे त्याचे एक समर्थन होते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला आणि ग्रामसभेनंतर तो स्थगित केला. निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. ज्या गावाचा कायापालट दारूच्या भट्ट्या बंद करण्यापासून सुरू झाला, त्याचा हा विरोध समजण्यासारखा होता. उलटपक्षी, राज्यातील द्राक्षांचा फारच थोडा हिस्सा वाइनकडे जातो, हे लक्षात घेता शेतकरीहिताचा दावाही जरा फुगवलेलाच होता. त्या साऱ्या वादात वाइनचे द्राक्ष कोणते आणि ब्रँडीतला मद्यार्क कशाचा, याची विचारपूस फारशी झाली नाही. वास्तविक बाटलीवरील ‘ग्रेप’ आणि ‘ब्लेंडेड’ या दोन शब्दांत द्राक्षबाग आणि साखर कारखाना यांच्याइतके अंतर आहे.