दाढेवरून कुळाची ओळख

कोराडीचें नांव निघालें कीं जगदंबेचें देवालय व विद्युत्केंद्राचीं उंच धुराडीं डोळ्यांसमोर उभीं राहतात. ह्या केंद्रांत जळणारा दगडी कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचे अवशेष होत. जवळच्या कामठीकडील वालुकाश्मांत ग्लॉसॉप्टेरिस नामक वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसेही आढळतात. अशा अवशेषांस जीवाश्म म्हणतात. पानाचा आकार ठशांत तरी स्पष्ट दिसतो. परंतु जो प्राणी कोणीं जिवंत पाहिलाच नाहीं, त्याच्या एका हाडावरून अगर दांतावरून त्याचें कुळ कसें ठरवितात? हें आम्ही येथें मांसाहारी शिशुधान प्राण्यांच्या उदाहरणानें सांगणार आहों.

कांगारूची मादी आपलें अपुऱ्या वाढीचें पिलूं पोटावरील पिशवींत वाढविते, हें मुलांनीं वाचलेंच असेल. अशा प्राण्यांस शिशुधान म्हणतात. गाय, कुत्रा किंवा मनुष्य ह्यांचें मूल मात्र वारेच्या आधारें आईच्या उदरांत बरेंच वाढून जन्मास येतें. ऑस्ट्रेलियांत एके काळीं मांस खाणारे मोठे शिशुधान प्राणी होते. पण पिशवी कातडीची. ती दगडांत टिकत नाहीं. टिकतात तीं हाडें आणि त्यांहूनही अधिक दांत. तेव्हां शोध करावयाचा तो तेथेंच.

टास्मानिया बेटांतील थायलसीन ह्या प्राण्यास लोक ‘लांडगा’ म्हणत. त्याची कवटी कुत्र्याच्या कवटीशेजारीं ठेवली तर नवखा पाहणारा हटकून फसतो. जाणता मनुष्य मात्र तीन खुणा पाहतो. पहिली खूण दाढांची. कुत्र्याच्या वरच्या जबड्यांत प्रत्येक बाजूस दोन व खालच्यांत तीन दाढा असतात. थायलसीनच्या मुखांत वर व खालीं, प्रत्येक बाजूस चार. कुत्र्याचे एकूण दांत ४२, थायलसीनचे ४६. दुसरी खूण टाळूची. थायलसीनच्या टाळूच्या हाडांत मागील बाजूस दोन मोठीं छिद्रें असतात. कुत्र्याच्या टाळूंत तशीं नसतात. तिसरी खूण खालच्या जबड्याच्या मागील कोपऱ्याची. शिशुधानांत तो प्रायः आंतल्या बाजूस वळलेला असतो.

मग दोघांचें रूप इतकें सारखें कां? दोघांचा धंदा एक, म्हणून. भक्ष्याचा पाठलाग करणें व मांस तोडणें ह्या कामास जें शरीर उपयोगी, तेंच दोन निराळ्या कुळांत घडून आलें. बहुरूप्यानें वाघाचें सोंग आणलें तरी तो वाघाचा सोयरा होत नाहीं. रूप धंद्यावरून येतें, बारीक खुणा कुळावरून येतात. थायलसीनला लांडग्याचें नांव लाभलें आणि मेंढ्यांचा वैरी म्हणून त्याचा संहारही झाला. १८८८ ते १९०९ पर्यंत टास्मानियाच्या सरकारनें २,१८४ बक्षिसें त्याच्या शिकारीबद्दल दिलीं. शेवटला ज्ञात थायलसीन ७ सप्टेंबर १९३६ रोजीं होबार्टच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. आज तोही केवळ हाडांवरून अभ्यासावा लागतो.

कुळ कळलें म्हणजे आहार कळला असेंही नव्हे. १८५९ सालीं इंग्लंडांतील विख्यात शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनीं ऑस्ट्रेलियांतील एका लुप्त प्राण्यास थायलॅकोलिओ, म्हणजे ‘पिशवीचा सिंह’, असें नांव दिलें व तो भयंकर हिंस्र असल्याचें सांगितलें. त्याच्या खालच्या जबड्यांत पुढें आलेले दोन मोठे पटाशीचे दांत आहेत, आणि ही खूण कोआला, वाँबट अशा पाला व गवत खाणाऱ्या शिशुधानांची. म्हणून फ्लॉवर ह्यांनीं १८६८ सालीं ओवेन ह्यांस विरोध केला. परंतु त्याची उपदाढ लांब सुरीच्या पात्यासारखी आहे, व अंगठ्यास मोठी नखी आहे. २००२ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांतील नलारबॉरच्या गुहेंत त्याचा संपूर्ण सांगाडाही मिळाला. आज विद्वानांचें मत ओवेन ह्यांच्याच बाजूस आहे: कुळ शाकाहाऱ्यांचें, धंदा शिकाऱ्याचा.

ह्याच ओवेन ह्यांच्याकडे नागपुराहूनही एक कवटी गेली होती. १८४५ सालीं नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हे आसपासच्या खेड्यांतून हिंडतांना दगड तपाशीत. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथें मिळालेल्या कवटीवरून ओवेन ह्यांनीं १८५५ सालीं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स ह्या बेडकाच्या वर्गांतील लुप्त प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आंखूड तोंडाचा व रुंद डोक्याचा, असा त्या नांवाचा अर्थ.

पुढें १९८८ सालीं प्रसाद व साहनी ह्या भारतीय संशोधकांनीं आतां तेलंगणांत असलेल्या नस्कल येथील, दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधील मातींतून काढलेल्या चिमुकल्या दाढांचें वर्णन केलें. त्या सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या असून दीड-दोन मिलिमीटरांच्या आहेत. शिशुधानांच्या खालच्या दाढेवर मागील दोन टेंगळें एकमेकांस बिलगलेलीं असतात. अशा खुणा पाहूनच निर्णय होतो. हा प्राणी वारेच्या प्राण्यांच्या बाजूचा ठरला, व हिस्लॉप ह्यांच्या स्मरणार्थ त्यास डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी हें नांव मिळालें. उलट, गुजरातेंतील वस्तान येथील खाणींत मिळालेले कांहीं दांत शिशुधानांचे म्हणून २००५ सालीं नोंदले गेले. भुईमुगाच्या दाण्याहूनही लहान अशा दाढेंत एवढा इतिहास सांठविलेला असतो!

हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरांत बोरी गांवाजवळ पुराच्या पाण्यांत बुडून वारले. पण मांगलीचें नांव त्या कवटीबरोबर टिकलें, कारण तें लिहून ठेवलें होतें. दगड कोणत्या गांवचा व कोणत्या थरांतला, हें ठाऊक नसेल तर त्याची साक्ष अर्धी मुकी होते. म्हणून, मुलांनो, नाल्याकांठीं पानाचा ठसा अगर हाडासारखा दगड दिसला तर हातोडी चालवूं नका. जागा, थर, दिनांक टिपून घ्या, शक्य तर छायाचित्र काढा आणि शिक्षकांस दाखवा. नागपुरांत भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचें कार्यालय व १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय आहे. तेथें विचारणा करितां येईल. पालकांसही आमची विनंति कीं, मुलाच्या खिशांतला दगड फेंकून देण्यापूर्वीं त्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: “हा तुला कोठें सांपडला?”