ग्रंथालयवास्तू, देणगीतून उभारलेल्या

खाजगी दात्याच्या अथवा लोकवर्गणीच्या द्रव्यातून बांधलेल्या आणि सर्वांना, निदान वर्गणीदार सभासदांना, खुल्या असलेल्या ग्रंथालयांच्या इमारती. महाराष्ट्रातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये शासनाने वा नगरपालिकांनी नव्हे, तर गावोगावच्या संस्थांनी स्थापन केलेली व चालविलेली आहेत. त्यामुळे ग्रंथालयाला घर कोणी दिले, हा प्रश्न त्यांच्या इतिहासात ग्रंथसंग्रहाइतकाच महत्त्वाचा ठरतो. इमारतीसाठी दाता मिळणे त्यामानाने सुकर आणि ती उभी राहिल्यानंतर ग्रंथ, सेवक, दिवाबत्ती व दुरुस्ती यांची तरतूद करणे दुष्कर, असा अनुभव या इतिहासात वारंवार येतो.

भारतीय दानधर्माच्या परंपरेत विहिरी, तलाव, देवालये, धर्मशाळा व अन्नछत्रे यांची गणना ‘पूर्त’ कर्मांत केली जाते. ग्रंथदानही या परंपरेला अपरिचित नव्हते. यादवकालीन हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथाच्या दानखंडात विद्यादानाचा विचार आढळतो. मात्र ते दान पोथीचे असे आणि ते विद्वानाला, मठाला वा मंदिराला पोहोचे. कोणीही यावे व वाचावे, यासाठी घर बांधून देणे ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. तिला लोकमानसात स्थान मिळण्यास अवधी लागला, यात नवल नाही. नाशिक जिल्ह्यातील सटाणा येथे मामलेदार असलेले यशवंतराव महाराज (१८१५–८७) ‘देवमामलेदार’ म्हणून पूजिले जातात, ते १८७०–७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठी खुला केला, या कथेमुळे. अवर्षणप्रवण मुलखात दान म्हणजे प्रथम अन्नदान. वाचनालय ही त्यानंतरची, शहरातल्या नवशिक्षितांची गरज होती.

महाराष्ट्रातील जुनी ग्रंथालये रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (आताचे अहिल्यानगर, १८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) व सोलापूर (१८५३) येथे निघाली. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या धर्तीच्या नावांनी त्यांपैकी बरीचशी प्रारंभी ओळखली जात. इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तेजन आणि स्थानिक सरदार, वकील, शिक्षक व सरकारी नोकर यांची वर्गणी, हा त्यांचा आधार होता. पुण्याच्या ग्रंथालयामागे लोकहितवादींचा पुढाकार होता. या संस्थांपाशी प्रथम ग्रंथ आले, वृत्तपत्रे आली. घर मात्र बहुधा उसनेच राहिले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय दीर्घकाळ पेशवेकालीन सरकारवाड्यात होते. जुना वाडा, शाळेची खोली किंवा देवळाची ओवरी, अशा जागी वाचनालयाचा संसार चाले. उसन्या जागेत भाडे वाचते, पण संग्रह वाढला की कपाटे ठेवण्यास जागा उरत नाही आणि मालकाची गरज निघाली की ग्रंथांना बिऱ्हाड हलवावे लागते. स्वतःच्या इमारतीची ओढ या अडचणीतून निर्माण झाली.

मुंबईत व्यापारी संपत्तीमुळे ही ओढ लवकर फळास आली. टांकसाळ व सरकारी गोदी यांतील तरुण यांत्रिकांनी १८४७ मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट ही संस्था काढली होती. तिच्या इमारतीसाठी बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांनी साठ हजार रुपये दिले. एकूण खर्च सु. सव्वा लाखाचा झाला व उर्वरित भार मुंबई सरकारने उचलला. मालाडच्या पिवळसर दगडातील, कमानींच्या ओवऱ्यांची ही गॉथिक वळणाची इमारत १८७० मध्ये पुरी झाली. ती पाहण्यास दाता हयात नव्हता. फोर्ट भागातील दुसरे उदाहरण अधिक जिव्हाळ्याचे आहे. १८५६ मध्ये काही पारशी तरुणांनी ‘फोर्ट इंप्रूव्हमेंट लायब्ररी’ सुरू केली होती. पुढे दिनबाई नसरवानजी पेटिट यांनी अकाली निवर्तलेला आपला पुत्र जमशेटजी (१८५६–८८) याच्या स्मरणार्थ तिला इमारत दिली. १८९८ मध्ये खुली झालेली ही वास्तू जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी संस्था आधी होती व दाता नंतर आला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वाचकांनी चालविलेले ग्रंथालय दात्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि मूळ संस्थापकांची नावे मागे पडली. त्याच वर्षी, १८९८ मध्येच, स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि त्यापूर्वीचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांच्यामागे मात्र असा धनिक नव्हता. मराठी ग्रंथ एकत्र करण्याच्या ध्यासाने मध्यमवर्गीयांनी ती उभी केली.

पश्चिमेकडे या प्रश्नाची मांडणी वेगळी झाली. ब्रिटनच्या १८५० च्या कायद्याने नगरांना अर्ध्या पेनीचा ग्रंथालयकर बसविण्याची मुभा दिली. परंतु तो पैसा इमारत व सेवक यांवर खर्चावयाचा होता, ग्रंथांवर नव्हे. ग्रंथ लोक देणगी म्हणून देतील, अशी अपेक्षा होती. १८५५ मध्ये ही त्रुटी दूर करावी लागली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट यांनी १८८२ मध्ये आपले दान देताना शहराने दरवर्षी पन्नास हजार डॉलर खर्चावे, अशी अट घातली. अँड्रू कार्नेगी (१८३५–१९१९) यांनी हाच विचार मोठ्या प्रमाणावर राबविला. स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन या आपल्या जन्मगावी १८८३ मध्ये पहिली इमारत दिल्यानंतर त्यांच्या द्रव्यातून निरनिराळ्या देशांत २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी १,६८९ अमेरिकेत होती. जागा नगराने द्यावी आणि देणगीच्या दशांशाइतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालयावर खर्च करावी, ही त्यांची अट होती. तरीही अनेक नगरांनी इमारत घेतली व शब्द पाळला नाही. ॲल्विन जॉन्सन यांनी १९१५–१६ मध्ये कार्नेगी महामंडळाला सादर केलेल्या अहवालात इमारतींपेक्षा प्रशिक्षित ग्रंथपालांची निकड अधिक असल्याचे दाखवून दिले आणि १९१७ मध्ये नव्या इमारतींसाठी अनुदाने देणे बंद झाले.

दान व दायित्व यांची सांगड आपल्याकडे घातली ती बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी. सटाण्याशेजारच्या मालेगाव तालुक्यातील कौळाणे हे त्यांचे जन्मगाव. शेतकरी कुटुंबातील गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि आपल्या खाजगी संग्रहातील सु. वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले. गावाला इमारत हवी असल्यास खर्चाचा तिसरा हिस्सा गावकऱ्यांनी जमवावा, उरलेले दोन हिस्से प्रांतपंचायत व संस्थान यांनी द्यावेत, असा तेथील नियम होता. वार्षिक खर्चासाठीही याच तऱ्हेची वाटणी होती. एकाच धनिकाच्या नावाची पाटी लावण्यापेक्षा ही पद्धत अधिक दूरदृष्टीची म्हणावी लागेल. कारण पहिली वर्गणी देणारा गावकरीच पुढे ग्रंथालयाची राखण करतो. ज्या बागलाण–मालेगाव परिसरातून सयाजीराव गेले तो ब्रिटिश मुलखात असल्याने या योजनेचा लाभ त्याला मिळाला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात देणगीचे स्थान बदलले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला होता. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर होता. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात तो नाही. शासनाने ग्रंथालय निधीत प्रतिवर्षी किमान पंचवीस लाख रुपये द्यावेत, अशी तरतूद करून या अधिनियमाने संस्थांची मालकी अबाधित ठेवली. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग केले आणि परिरक्षणाबरोबरच इमारत व साधनसामग्री यांसाठीही अनुदानाची सोय केली. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (१९७२) जागा वाढविण्यासाठी साहाय्य देते. राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांहून अधिक झाली असली, तरी भूखंड, खोली वा मजला यांसाठी स्थानिक दात्याकडे जाणे चुकलेले नाही. नाशिकच्या वाचनालयाने आपल्या नव्या वास्तूत परशुराम साईखेडकर नाट्यगृह व औरंगाबादकर सभागृह यांचा समावेश केला. अशा दालनांच्या भाड्यामुळे संस्थेला वर्गणीखेरीज उत्पन्नाचा मार्ग मिळतो; क्वचित ग्रंथालयापेक्षा सभागृहाचीच वर्दळ अधिक होते, हेही खरे.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी दाता मिळणे नव्या वास्तूपेक्षाही कठीण, कारण दुरुस्तीवर नाव कोरता येत नाही. ससून ग्रंथालयाचे मूळचे उतरते छप्पर जाऊन तेथे काँक्रीटचा सपाट गच्चीवजा थर आला होता. २०२२–२३ मधील जीर्णोद्धारात तो काढून पुन्हा उतरते छप्पर घालण्यात आले, आणि त्याचा खर्च प्रतिष्ठाने व उद्योगसंस्था यांच्या देणग्यांतून झाला. [→ ग्रंथालय]