खांदेरी का हरली नाही?

धरमतरच्या खाडीला इतिहासात नागोठण्याची खाडी म्हणतात. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराला तिचा मोठा आधार होता. थळसमोरच्या खांदेरी बेटावर महाराजांचा मायनाक भंडारी तट बांधत होता आणि मुंबईकर इंग्रजांना ते खुपत होते. 19 सप्टेंबरला इंग्रजांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला. तो आणि त्याचे काही सोबती मारले गेले.

बेटावर उतरणेच अवघड. किनारा खडकाळ, खडकांवर सुरीसारख्या धारेची कालवे आणि वरून गोळीबार.

मग इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर चालत. वारा पडला की जागीच खिळत. मराठ्यांची गलबते वल्ह्यांवर चालत आणि त्यांना पाण्याची खोलीही कमी लागे. रात्री ती बेटावर रसद पोचवत. 18 ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाच्या ताफ्याने इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब (लढाऊ जहाज) पकडली. पण इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’ जहाजाने तोफा डागताच ताफा मागे वळून नागोठण्याच्या खाडीत शिरला. उथळ मुखातून आत जाणे जड जहाजांना धोक्याचे. ओहोटी लागली की गाळात रुतायची भीती.

1680 मध्ये इंग्रजांनी तह केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.